तहानलेले बोंबील

चिंचणीतील एखाद्या घरातली जुलै महिन्यातली सकाळ डोळ्यांपुढे आणावी. रात्रभर पाऊस कोसळून गेला आहे आणि सुरूच्या बनापलीकडून समुद्राची गाज अजून ऐकू येते आहे. घरातला कर्ता पुरुष पहिल्या पाळीसाठी उजाडण्यापूर्वीच बोईसरला गेला आहे. दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच आहेत. गॅसवर दूध आहे, दीड वर्षाची धाकटी आईच्या कडेवर आहे आणि साडेचार वर्षांचा थोरला कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ज्या घरात लहान मुले असतात त्या घरात शांततेसारखी भयसूचक गोष्ट दुसरी नाही. रडणे, ओरडणे, भांडी पडणे यांवरून मुलांचा ठावठिकाणा तरी लागतो. शांतता पसरली की काही तरी मोठे घडत आहे हे आयांना अनुभवाने कळते.

मोठे घडत असते ते न्हाणीघरात. आगोटीची बेगमी म्हणून डबाभर सुके बोंबील भरून ठेवलेले असतात. थोरल्याने त्यांतले निम्मे बादलीत सोडून दिले आहेत आणि तो हाताने पाणी ढवळत त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहत बसला आहे. आईच्या तोंडून निघालेला पहिला शब्द प्रश्नार्थक नसतो. तरीही थोरला त्याचे उत्तर देतो. 'ते तहानले होते,' तो शांतपणे सांगतो आणि पुढे आश्वासनही देतो, 'दोन पोहायला लागलेत.'

या बोंबलांची किंमत ठाऊक नसलेल्या वाचकाला हा प्रसंग निव्वळ गमतीचा वाटेल. परंतु जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी दुर्मिळ आणि महाग होते, आणि किनाऱ्यावरच्या घरांचा पावसाळा बराचसा या डब्यावर निघतो. उन्हात खडखडीत वाळवलेला बोंबील एकदा भिजला की पावसाळ्यात तो पुन्हा वाळवता येत नाही. आज, फार तर उद्या, तो खाऊन संपवावाच लागतो. म्हणजे त्या बादलीत महिनाभराच्या कालवणांपैकी निम्मी कालवणे पोहत असतात. आईचा हात वर गेलेला असतो. त्याच क्षणी ओटीवरच्या झोपाळ्यावरून आजीचे हसणे ऐकू येते. ते इतके मनापासूनचे असते की वर गेलेला हात तसाच आपल्या कपाळावर मारून घेण्यापलीकडे आईला दुसरे काही सुचत नाही. मग तीही हसते. क्षणभरानंतर धाकटीही हसू लागते. कशाला हसायचे हे तिला ठाऊक नसते, पण सगळे हसत असता आपण मागे राहू नये एवढे तिला दीड वर्षात कळलेले असते. इकडे दूध उतू जाते.

अशा सकाळी घरोघर होतात. त्यांत दुःख करण्यासारखे किती आणि हसण्यासारखे किती, याचा विचार मात्र सहसा केला जात नाही. मुलांच्या खोड्यांकडे खेळकर दृष्टीने पाहावे, हा उपदेश मासिकांतून, व्याख्यानांतून आणि अलीकडे फोनच्या पडद्यावरून आयांना सतत केला जातो. उपदेश चुकीचा नाही. फक्त तो करणारी व्यक्ती बहुधा बादलीजवळ नसते. 'काय गंमत आहे नाही!' असे उद्गार काढणारे पाहुणे फरशी पुसण्यासाठी थांबल्याचे उदाहरण विरळाच. खेळकरपणा हा मनाचा गुण आहे असे मानले की तो ज्या बाईजवळ नाही ती तुसडी ठरते, आणि भिजलेल्या बोंबलांबरोबर हेही एक ओझे तिच्या माथी येते.

वस्तुतः हसण्याला अंतर लागते. झोपाळ्यावरची आजी हसू शकली, कारण तिच्या आयुष्यातल्या अशा बादल्या तीस वर्षांमागे पडल्या होत्या. बाप दुपारी घरी येऊन हसेल, कारण त्याच्यापर्यंत प्रसंग पोचेल तो पुसूनपासून, सांगण्याजोगा होऊन. एकीला काळाचे अंतर मिळाले, दुसऱ्याला बोईसरच्या रस्त्याचे. आई मात्र प्रसंगाच्या मधोमध उभी असते, आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाला चित्र दिसत नाही.

मराठी विनोदी वाङ्मय पाहिले तरी हेच आढळते. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावांनी मध्यमवर्गीय घरातल्या गोंधळाला मराठीत अढळ स्थान मिळवून दिले. राघू, मैना आणि मोरू ही त्यांची पोरे वाचकांना घरच्यासारखी झाली, आणि १९७९ च्या सुमारास दूरदर्शनवर ते कुटुंब आले तेव्हा नव्या पिढीनेही त्यांना आपले म्हटले. पण त्या घराची कथा सांगतात चिमणराव. तोच दिवस काऊने लिहिला असता तर तो किती पानांचा झाला असता, आणि मुळात लिहायला तिला सवड केव्हा मिळाली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी संसारातल्या ओढाताणीकडे ज्या निर्मळ विनोदाने पाहिले त्याला मराठीत तोड नाही. 'स्मृतिचित्रे' ग्रंथरूपाने येऊ लागली ती १९३४ मध्ये. तेव्हा लक्ष्मीबाईंनी पासष्टी ओलांडली होती आणि रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अर्मा बॉम्बेक या बाईने घर, मुले आणि धुण्याचे ढीग यांवर विनोदी सदर लिहायला सुरुवात केली ती १९६४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. पुढे ते सदर सुमारे नऊशे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले. पण आरंभ करण्यापूर्वी तिची तिन्ही मुले शाळेच्या वयाची झाली होती, ही बारीकशी गोष्ट दृष्टीआड करू नये. तोवर तिचे विनोद कोठे गेले असतील? बहुधा उतू गेलेल्या दुधाबरोबर.

चिंचणीपुरते बोलायचे तर येथला इतिहासही याला अपवाद नाही. १९५५ मध्ये चिंचणीत जे ताम्रपट सापडले, त्यांतल्या इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूटकालीन दानपत्रात संयानच्या, म्हणजे आजच्या संजाणच्या, अरब प्रांताधिकाऱ्याने मोफत नाव चालवल्याचा आणि भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र घातल्याचा उल्लेख आहे. नावेने कोण पलीकडे गेले आणि पंगतीत कोणाला काय वाढले याची चिंता तांब्यावर कोरली गेली. त्या पंगतीत कोणाच्या तरी दोन वर्षांच्या पोराने तुपाची वाटी पालथी केलीच असेल. हजार वर्षांनंतर तूप तेवढे नोंदीत राहिले.

अंतर मिळण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो या भागाला परका नाही. चिंचणी ज्या डहाणू तालुक्यात मोडते त्याच तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या, अनुताई ३५ वर्षांच्या. शहरातल्या सुस्थित मुलांसाठी चाललेले बालशिक्षण खेड्यातल्या आणि वारली पाड्यांवरच्या मुलांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. गुरे राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली, ती कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने आणि दगड यांचीच साधने झाली. चिंचणीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जे पोर फ्रॉकच्या ओच्यात शिंपले भरून आणते आणि घरी आईची बोलणी खाते, त्याच्या ओच्यात या दृष्टीने पाहिले तर एक अख्खी बालवाडी असते.

बालशिक्षणाच्या या परंपरेचा सांगावा साधा आहे. मूल खोडी करीत नसते, ते काम करीत असते. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे तिला तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत दट्टे बसवीत असलेली दिसली. मुलीचे लक्ष विचलित करून पाहावे म्हणून बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने साहित्य मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा दट्टे काढून घालून झाल्यावर, झोपेतून जागी व्हावी तशी ती हसतमुखाने उठली. या प्रसंगाला बालशिक्षणशास्त्रात मोठे महत्त्व आहे. तथापि घरातल्या आईने हेच चाळीस वेळा पाहिले असते तर 'पुरे झाले आता' असे ती सहाव्या वेळीच म्हणाली असती, हेही तितकेच खरे. कारण माँटेसरीबाईंच्या गॅसवर दूध नव्हते.

तरीही बादलीजवळच्या थोरल्याकडे या नजरेने पाहून घ्यावे. बोंबील हा मासा आहे, हे त्याला सांगण्यात आलेले आहे. मासे पाण्यात राहतात, हेही आपणच सांगितले आहे. घरातले बोंबील वाळून कडक झाले आहेत, आणि माणसाचा घसा कोरडा पडला की पाणी द्यावे लागते, हे त्याने स्वतः अनुभवले आहे. एवढ्या पायऱ्यांवरून जो निष्कर्ष त्याने काढला त्यात तर्कदोष काढणे कोणत्याही न्यायशास्त्र्याला जड जाईल. चुकले ते एकच, मृत्यू म्हणजे काय हे त्याला अद्याप ठाऊक नाही. आणि ते नसल्यामुळेच तो डबाभर मेलेल्या जिवांना सकाळी सकाळी पाणी पाजायला बसला. आईला हे सुचले की हसूही येते आणि घशात काही तरी अडकतेही. खरा विनोद बहुधा याच ठिकाणी असतो.

अशा दृष्टीने पाहू लागले की घरातल्या निम्म्या उपद्रवांचा उलगडा होतो. बापाच्या बुटात खोबरेल ओतलेले आढळते, तेव्हा त्यामागे कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालताना पाहिलेले असते. बूटही चालताना कुरकुरतोच. भिजलेल्या मांजराला पावडर लावली जाते, कारण अंघोळीनंतर धाकटीला लावतात. कणकेच्या गोळ्याला झोपवून त्यावर आईची नवी साडी पांघरली जाते, कारण कणीक 'झाकून ठेवा' असे आईच म्हणाली होती. यांत अवज्ञा कोठेही नाही. आज्ञापालनाचा अतिरेक मात्र आहे.

येथे एका गोष्टीची सावधगिरी हवी. मुलाच्या कामातला विनोद पाहणे वेगळे आणि मुलाला हसे करणे वेगळे. बोंबलांची गोष्ट त्या दिवशी शेजारी सांगितली जाते, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे. 'सांग रे, काय झाले होते बोंबलांना?' असे म्हणून थोरल्याला पुढे केले जाते. पहिल्यांदा तो मनापासून सांगतो. दुसऱ्यांदा सर्व हसणार हे ओळखून सांगतो. तिसऱ्यांदा तो आईच्या पदरामागे लपतो, कारण आपल्या दयाबुद्धीला लोक हसतात हे तोवर त्याच्या ध्यानात आलेले असते. पूर्वी हे हसे निदान आळीपुरते असे. आता बादलीजवळचे दृश्य हात पुसण्यापूर्वीच फोनमध्ये टिपले जाते आणि कुवेतच्या मावशीपासून नाशिकच्या आत्यापर्यंत सर्वांना एकाच वेळी हसू येते. मुलाची संमती कोण विचारतो? साडेचार वर्षांचा माणूस हा अजून माणसात धरायचा असतो, एवढेच यावर म्हणता येईल.

उरतो तो वर गेलेला हात. या साऱ्या विवेचनात महत्त्व त्याचे आहे. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली, पण घरातल्या हाताला आवरायला कोणी नाही. आणि तो हात सहसा दुष्टपणाने वर जात नाही. तो जातो थकव्याने, पैशाच्या काळजीने, आणि त्या घटकेला घरात दुसरे कोणी मोठे माणूस नसल्याने. आजीचे हसणे ऐकू आले नसते तर तो हात खाली आला असता आणि मग साऱ्या दिवसाचा रंग बदलला असता. तहानलेल्यांना पाणी पाजल्याबद्दल मार बसतो, एवढाच बोध थोरल्याच्या पदरी पडला असता. चापट आणि हसू यांमध्ये अर्ध्या क्षणाचे अंतर असते, आणि ते अंतर राखण्यासाठी पुष्कळदा फक्त एक साक्षीदार लागतो.

म्हणून झोपाळ्यावरच्या आजीचे माहात्म्य गावे, एकत्र कुटुंबासाठी उसासे टाकावेत, असा याचा अर्थ नव्हे. तोच झोपाळा, तीच ओटी, आणि वर बसलेली सासू हसण्याऐवजी भिजलेले बोंबील मोजते आहे, अशीही घरे पुष्कळ होती. तेथे आईचा हात सासूला दिसावा म्हणूनच अधिक जोराने खाली येई. साक्षीदार असून भागत नाही; तो आईच्या बाजूचा असावा लागतो.

पण पुष्कळ घरांत आता तोही नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कामासाठी दूरदूरची माणसे बोईसरच्या आसपास आली आणि इमारतींमधल्या दोन खोल्यांत संसार मांडून राहिली. नवरा पाळीला गेला की दार लागते. आत एक बाई आणि दोन मुले, बारा तास. शेजारचे दारही लागलेले असते आणि त्याच्यामागे असेच एक त्रिकूट असते. या खोल्यांत दिवसभर जे घडते त्यात विनोदाला तोटा नाही. तो वाटून घेणारे कोणी नाही, एवढेच.

कोसबाडच्या अंगणवाडीचे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती ३३ प्रकल्पांनिशी. आज अंगणवाडी नाही असे गाव सापडणे कठीण. तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चार गाणी, चार गोष्टी आणि खाऊ मिळतो, आणि आईला काही तास श्वास घेता येतो. या दुसऱ्या लाभाची गणना कोणत्याही तक्त्यात होत नसली तरी तो लहान नाही. पण धाकटीसारख्या दीड वर्षाच्या मुलीला तेथे दिवसभर ठेवता येत नाही. पाळणाघराचा विचार कायद्याने केला तो कारखान्यातल्या बाईपुरता. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती ठरवताना तेथे किती स्त्रिया काम करतात ते मोजले. मग ज्या कारखान्यात बापच तेवढे कामाला असतील तेथे मुले नाहीतच असे समजायचे! २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक केले, तेव्हा पुरुषही मोजणीत आले. पण दिवसातून चार वेळा मुलाला भेटून येण्याची मुभा लिहिली गेली ती आईलाच. बापालाही मूल पाहावेसे वाटेल, किंवा त्याने पाहावे, हे कायदा लिहिणाऱ्याच्या मनात आले नाही. कदाचित त्याचीही मुले घरी कोणी तरी सांभाळीत असेल.

गिजुभाईंच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'आईबाप होणे अवघड आहे' असा आहे. नावात आई आणि बाप दोघेही आहेत, हे लक्षात घ्यावे. पाळीवरून परतलेल्या बापाने बोंबलांची गोष्ट ऐकून हसावे, जरूर हसावे. पण एखाद्या रविवारी दोघांना त्याच्या स्वाधीन करून आईने झोपाळ्यावर बसावे आणि आतून येणारे आवाज ऐकत राहावे. विनोद म्हणजे काय हे त्या दिवशी घरातल्या सर्वांनाच नीट कळेल. बापाला ते कळण्यास थोडा उशीर लागेल, कारण तो मधोमध असेल.

त्या सकाळच्या बोंबलांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. भिजलेला बोंबील टाकून देणारी बाई या किनाऱ्यावर जन्मलेली नाही. बादली स्वच्छ घासलेली आहे की नाही, याची चौकशी प्रथम थोरल्याकडे करण्यात आली आणि मग ती न करणेच बरे असे ठरले. बोंबील चार पाण्यांतून धुऊन काढले गेले. दुपारी चार घरांत कालवण गेले. प्रत्येक घरात वाटीबरोबर गोष्टही गेली, आणि रिकामी वाटी परत आली तेव्हा तिच्याबरोबर त्या घरातल्या पोरांच्या दोन-दोन गोष्टी आल्या. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका चिंच, मिरची आणि मुले या तीन विषयांवर ओटीवर बसून बोलत होत्या. बापाने पानावर बसताना कालवण चांगले झाल्याचे सांगितले. थोरल्याने ते खाल्ले नाही. त्याने आपल्या पाण्याचा पेला तेवढा बोंबलांच्या वाटीजवळ सरकवून ठेवला.

रात्री उरलेल्या बोंबलांचा डबा वरच्या फळीवर गेला आणि त्याच्या झाकणावरून आईने सुतळीची घट्ट गाठ मारली. थोरला अंथरुणात पडल्या पडल्या त्या गाठीकडे बराच वेळ पाहत होता.